थिनर वापरणाऱ्यांसाठी निर्धास्त मार्गदर्शन

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाला भाव चढतो आणि पेंटर दिसेनासे होतात. तुम्हाला एखादा मिळालाच, तर तो पहिल्या सकाळी भिंतीकडे न बघता तुम्हाला हार्डवेअरवाल्याकडे पिटाळतो: थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावक, आणा. आमचं मार्गदर्शन इथपासून सुरू होतं. ज्यांना काळजी घ्यायची खोड आहे त्यांनी पुढे वाचू नये.

सीलबंद डबा मुळीच घेऊ नका. त्यावर ज्वाळेचं चित्र असतं, बारीक अक्षरांत इशारे असतात, वाचून सणासुदीला मन खट्टू होतं. सुट्टं घ्या. दुकानदार मागच्या पिंपात नळी घालतो, दुसरं टोक तोंडात धरून ओढतो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तुम्हाला लिटरभर भरून देतो. ओढताना घोट तोंडात गेलाच तर तो थुंकतो, मिशी पुसतो आणि उरलेले पैसे परत करतो. इतका अनुभवी माणूस डब्यात बंद होऊन मिळत नाही.

बाटलीवरचं लेबल काढू नका. थिनर पाण्याइतकंच नितळ दिसतं, तेव्हा ती बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मुलांच्या हाताला येईल अशी ठेवावी. आत काय आहे हे विचारण्यात अर्थ नाही. टोल्युईन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट, स्वस्तातलं असेल तर मिथेनॉलही. त्या दिवशी पिंपात जे असेल ते. मिथेनॉल दोन चमचे पोटात गेलं तरी माणसाची दृष्टी जाऊ शकते. पण बाटलीवर ‘पिण्याचे पाणी’ एवढंच छापलेलं असल्यामुळे हा विचार तुम्हाला शिवणार नाही.

कुणी प्यायलंच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढायची आपली जुनी रीत आहे, ती सोडू नका. डॉक्टर मंडळी यालाही नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, ओकताना हे द्रव श्वासनलिकेत शिरतं आणि फुफ्फुसात पोहोचलेला थोडासा थेंबदेखील पोटातल्या घोटापेक्षा महागात पडतो. म्हणून उलटी काढू नका, 108 ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या, असं ते सांगतात. बाटली न्यायला हरकत नाही. ती बघून त्यांनाही पाणीच वाटेल.

आता प्रत्यक्ष काम. श्रावणातला पाऊस, पागोळ्या आत येतात, ओल्या रंगावर शिंतोडे उडतात, म्हणून खिडक्या आणि दारं घट्ट लावून घ्या. देवखोली साधारण आठ बाय नऊची असते, नऊ फूट उंच. एक लिटर टोल्युईन पूर्ण उडून गेलं की त्याची दोनशे लिटरहून जास्त वाफ होते. हवेत साधारण सव्वा टक्का टोल्युईन झालं की ती हवा पेट घेऊ शकते. हिशेब मांडून पाहिलात तर एका बाटलीत आख्खी देवखोली बसते. एवढी बरकत दुसऱ्या कुठल्या वस्तूत आहे?

शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर छताला जाऊन फुकट जात नाही, जमिनीलगत पसरते, उंबऱ्यावरून खाली उतरते, पायरीपायरीनं सोप्यात येते. आणि समई कुठे असते? जमिनीवर. भिंतीला रंग लागतोय म्हणून देवापुढचा दिवा विझवायचा, हा अपशकुन कोण करील? वाफ आपणहून समईपर्यंत चालत येते, तिथे पेटते आणि ज्योत त्याच वाटेनं मागे धावत डब्यापर्यंत जाते. समई खोलीत नसून दोन दालनं पलीकडे होती, ही सबब तिथे चालत नाही. समई नसेल तरी निराश होऊ नका. फ्रीज आपोआप चालू होताना आतल्या आत ठिणगी पडतेच. संध्याकाळी डास वाढले की मच्छर मारायची बॅट हातात घ्या, तडतड आवाज काढत खोलीभर फिरवा.

काहींना वाटतं, आपल्याकडे उकडतं म्हणून धोका, थंडीत नाही. टोल्युईन 4 अंश सेल्सियसला पेटण्याजोगी वाफ सोडू लागतं, ॲसिटोन उणे 20 ला. सांग्या-केप्याच्या डोंगरातही थंडी तिथवर पोचत नाही. म्हणजे थिनर बारा महिने सज्ज, पंचायतीच्या कार्यालयासारखी त्याला जेवणाची सुट्टी नाही.

पेंटरची काळजी करू नका. तो बहुतेक वेळा परराज्यातला असतो, त्याची भाषा आपल्याला येत नाही, त्यामुळे त्याचं डोकं दुखतं हे कळायचा मार्गच नसतो. दुपारी तो बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) येऊन भिंतीला टेकून बसला तर समजावं की आळशी आहे. फारच गरगरतंय म्हणाला तर गुळाचा खडा द्या, वर कपभर दूध. ही मात्रा कारखान्यांतूनही मान्यता पावलेली आहे. वाफ जाते फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत, गूळ जातो पोटात. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. पण मालकानं काहीतरी केलं, एवढं समाधान त्या खड्यात नक्की असतं.

मास्क हवाच असेल तर करोनातले एन-95 कपाटात पडून आहेत, ते द्या. ते धूळ अडवतात. वाफेचे रेणू त्यातून सरळ आत जातात; त्यांना अडवायला कोळशाची कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क लागतो आणि ती कार्ट्रिजही भरली की बदलावी लागते. म्हणजे खर्च आणि वर पुन्हा खर्च. वास येईनासा झाला की हवा स्वच्छ झाली, हा आपला नियम पुरेसा आहे. नाक थोड्याच वेळात दमतं आणि वास नोंदवायचं सोडून देतं, ही बारीकसारीक गोष्ट आहे.

वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी गंमत होते. टोल्युईननं ऐकू कमी येऊ लागतं. आणि रंगातली द्रावकं रोज हुंगणाऱ्यांना पुढे पुढे रंगांतला फरक कळेनासा होतो, असं आढळलेलं आहे. पेंटरला रंग कळत नाही, बायकोचं ऐकू येत नाही. त्याचा प्रपंच सुखाचा व्हायला अजून काय पाहिजे?

संध्याकाळी हात थिनरनंच धुवायचे. साबणानं रंग जात नाही. थिनरनं रंग जातो, त्याच्याबरोबर कातडीतलं तेल जातं, मग कातडीला भेगा पडतात आणि पुढच्या वेळी थिनरला आत शिरायला वाट मिळते. कुणी हातमोजे सुचवले तर दवाखान्यातले पातळ रबरी मोजे घ्या, टोल्युईनमध्ये ते फुगून दुप्पट होतात. निळे नायट्राईलचे घेतलेत, तर ॲसिटोनपुढे ते काही मिनिटांतच हात टेकतात.

चवथ सरते, उरलेलं थिनर जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी जातं आणि दिवाळीला बाहेर येतं. कारण वाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहायचा असतो, पहाटे जाळायला.

नरकासुराचं नाक हा या शास्त्रातला सगळ्यात देखणा प्रयोग आहे. थर्माकोलचा ठोकळा कोरून कोरून पोरांनी दोन रात्री घालवलेल्या असतात. नाकपुड्या, मस, वर आलेलं हाड, सगळं झालेलं. मग कुणीतरी ऑईलपेंट थिनरनं सैल करतो आणि पहिला ब्रश फिरवतो. आधी काहीच होत नाही. मग रंगाखालून बारीक चुरचुर ऐकू येते, पांढऱ्या दाण्यांमध्ये खळगे पडू लागतात, शेंड्याला चकाकी येते आणि नाक आतल्या आत बसत जातं. बोट लावलं तर चिकट पांढरी तार निघते. नरकासुर पहाटेपर्यंत थांबत नाही, रात्री दहालाच विरघळायला लागतो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात बहुतेक सगळी हवाच. टोल्युईन आणि ॲसिटोनपुढे ते टिकत नाही. हे ओळखून थिनर ओतायला वापरा-फेका प्याला आणलात तर तोही बऱ्याचदा त्याच कुळीचा निघतो आणि बूड टेबलावर ठेवून वर उठतो.

एवढं झाल्यावर शहाणं पोरगं म्हणेल, हे नाकाचं असं करतं तर आपल्या फुफ्फुसाचं काय? त्याला घरी पाठवा. उरलेल्यांनी जनरेटर, डीजे, बिड्या, फटाक्यांची पिशवी आणि थिनरचा कॅन एकाच ताडपत्रीखाली ठेवावा. पाऊस आलाच तर सगळं एकत्र सुरक्षित राहतं. कुणी हटकलं तर ठरलेलं उत्तर आहे: "कांयच जावचें ना रे." काही होत नाही रे.

हौशी लोकांचं झालं. आता वेर्णा, कुंडई, तिवी इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधून काम करणाऱ्या व्यावसायिकांकडे वळू, त्यांचं तंत्र वरच्या पायरीचं असतं.

पिंपातून बादलीत टोल्युईन ओतताना द्रवात स्थिर वीज साठते, कारण टोल्युईन विजेचं वाईट वाहक आहे, चार्ज सोडायला वेळ लावतं. म्हणून पिंप आणि भांडं तारेनं जोडायचं आणि तार जमिनीत न्यायची, असा नियम. तो सगळीकडे पाळला जातो. जवळ जाऊन बघा: हिरव्या तारेच्या टोकाला चिमटा असतो आणि तो पिंपाच्या कडेला व्यवस्थित लावलेला असतो, निळ्या रंगाच्या जाड थरावर. चिमट्याचे दात धातूपर्यंत पोचलेलेच नसतात. ऑडिटवाल्याच्या फोटोत मात्र तार स्पष्ट दिसते. आणि बादली प्लास्टिकची असते, तिला कितीही तारा बांधा.

रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक सोळा भागांचं असतं. ते इंग्रजीत हवं, फाईलमध्ये हवं, फाईल कपाटात हवी आणि किल्ली रजेवर गेलेल्या सायबाकडे हवी. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. त्या दिवशी शपथ घ्या, बॅनर लावा, समोसा खा. आपत्तीच्या वेळी जमण्याच्या जागेचा हिरवा फलक ज्या झाडाखाली आहे तिथे सावली चांगली असते, म्हणून स्कूटर तिथेच लावा.

रिकामं पिंप हे खरं धन. भरलेल्या पिंपाला लोक तरी घाबरतात, रिकाम्याला कुणी विचारत नाही. दोनशे लिटरच्या पिंपात तळाशी चहाचे दोन चमचे टोल्युईन उरलं तरी आतली हवा स्फोटाला पुरते. भरलेल्यात वाफेला आणि हवेला जागाच कमी, म्हणून ते बिचारं कमी उत्साही असतं. तेव्हा असं पिंप भंगारवाल्याला द्यावं, त्यानं गॅस कटरनं उभं चिरावं आणि किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी शॅकवाल्यानं त्यात मासे भाजावेत. पिंप धुऊन, वाफारा देऊन, पाण्यानं भरून मगच कापतात, असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे वेळ असतो.

आग लागलीच तर आधी पाण्याचा पाईप मारा. टोल्युईन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत गटारातून शेजाऱ्याच्या आवारात जातं. फोम मारायचा असतो हे अग्निशामक दलाला माहीत आहे, आपण त्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. 10 जानेवारी 2023 ला पिळर्ण औद्योगिक वसाहतीतला रंगाचा कारखाना पेटला तेव्हा काळ्या धुराचा लोट लांबून दिसत होता आणि आसपासच्या लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं होतं. इतका काळा धूर का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. टोल्युईन, झायलीनसारख्या पदार्थांत कार्बन भरपूर, तो पुरता जळत नाही, काजळी होऊन वर जातो. औद्योगिक वसाहत आणि घरं यांत अंतर किती असावं, हा प्रश्न त्या दिवसांत सगळीकडे चर्चेत होता. नंतर धूर विरला आणि प्रश्नही.

मोठा माल ठेवायला जागा कमी पडते म्हणता? 2019 च्या ऑक्टोबरात ‘नु शी नलिनी’ नावाचं जहाज आपण दोनापावलाच्या खडकांवर, थेट राजभवनाखाली ठेवून पाहिलं. पोटात दोन हजार टनांहून जास्त नाफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल), जहाजावर माणूस एकही नाही. वादळी समुद्रानं ते आपणहून आणून लावलं, पार्किंगचं भाडंही पडलं नाही. नाफ्थाही शून्य अंशाखाली पेटण्याजोगी वाफ सोडतो. आपण आठवडेच्या आठवडे संध्याकाळी दोनापावलाला जाऊन त्याच्याबरोबर फोटो काढत होतो, ज्यात कुणी खोकताना दिसत नाही.

घरच्या उरलेल्या थिनराला एवढं मोठं जहाज लागत नाही. परसात, विहिरीच्या जरा अलीकडे ओतून द्या. जांभा दगड सच्छिद्र, सगळं पिऊन घेतो आणि सावकाश खाली पोचवतो. दाबोळी-चिखली भागात 2023 मध्ये विहिरींत पेट्रोलियम सापडलं, तेव्हा लोकांनी केवढा आरडाओरडा केला. खरं तर घरबसल्या इंधन मिळत होतं.

राहता राहिली चौकशी. घटना घडल्यावर पात्रांव, म्हणजे पुढारी, येतात, पत्रकार येतात, कुणीतरी समिती नेमतो आणि सगळे कारण विचारतात. गोंधळून थिनर, समई, पिंप, चिमटा असलं काही बोलून बसू नका. कारण आधीच ठरवून, घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या: शॉर्ट सर्किट. त्या दिवशी दुपारपासून वाड्याची वीज गेलेली असली तरी शॉर्ट सर्किटच.