शेपटीला दोर बांधू नका: ब्लू व्हेलच्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज कोकणातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. आधी मी सोडून दिला. मग तोच देवगडच्या आत्याने पाठवला, खाली ‘सगळ्यांना कळव’ असं लिहून. आणि मालवणात पर्यटकांची बोट चालवणाऱ्या माझ्या मामेभावाला पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले: ब्लू व्हेल दाखवायचे किती घेणार, नाही दिसला तर पैसे परत का? तो एकेकाला समजावून थकलाय. काल मला म्हणाला, “गॅरंटी खयसून देव? समुद्र काय माझो गोठो आसा?”

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मालवण-देवगडहून बोटीने एका तासावर ब्लू व्हेल, म्हणजे निळा देवमासा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हमखास दर्शन. निळा देवमासा माणसाळलेला असतो, बोटीजवळ येतो, हात लावू देतो. त्याची उलटी सापडली तर कोट्यधीश. तुम्ही जितके जास्त जाल तितके देवमासे वाचतील. आणि शेवटी, किनाऱ्याला लागलेला देवमासा दिसला तर शेपटीला दोर बांधून समुद्रात ओढा, डोक्यावर भरपूर पाणी ओता, पुण्य लागेल.

हमखास दर्शनाची गोष्ट खोटी आहे. यात अर्धं खरं आहे तेवढं मान्य करायला हवं: निळा देवमासा आपल्या समुद्रात आहे. 2015 साली कुणकेश्वरसमोरच्या पाण्यात संशोधकांना निळे देवमासे दिसले, त्याच्या बातम्याही झाल्या. पण एकदा दिसणं वेगळं आणि तिकीट काढून रोज दिसणं वेगळं. हे प्राणी नेमके कधी असतात याचा आपल्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा लक्षद्वीपचा आहे. दिव्या पणिकर आणि केट स्टॅफर्ड या संशोधकांनी कवरत्तीजवळ पाण्याखाली आवाज टिपणारी यंत्रं ठेवली आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापले. निळ्या देवमाशाचं गाणं भारताच्या समुद्रात पहिल्यांदाच असं नोंदवलं गेलं, आणि ते सर्वांत जास्त ऐकू आलं एप्रिल-मेच्या सुमारास. लक्षद्वीप म्हणजे कोकण नव्हे, हे मला कळतं. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम मेसेजवाल्याने कुठून आणला, याला काहीच आधार नाही. पर्यटकांचा हंगाम तेवढा नेमका जुळतो.

मेसेजसोबत फिरणारा व्हिडिओ नीट बघा. बोटीच्या अंगावर सिंहली अक्षरं आहेत. तो श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडचा, बहुधा मिरिस्साचा. तिथे डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे खरोखर दिसतात, कारण किनारा सोडला की थोड्याच अंतरावर तळ एकदम खाली जातो आणि खोल पाण्यातलं त्यांचं खाणं बंदराच्या जवळ येतं. आपल्याकडे उलट. कोकणासमोर उथळ पठार लांबवर पसरलंय. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून आत असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या समुद्राखालच्या उंचवट्याच्या माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटर आहे. तासाभरात मालवणची बोट कुठवर पोचते ते कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारा.

माणसाळलेला, हात लावू देणारा? निळा देवमासा वर येतो तो श्वास घ्यायला. काही मिनिटांत थोडे श्वास घेतो आणि मग दहा-दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त, खाली जातो. त्या मोजक्या मिनिटांत बोट अंगावर घातली की तो श्वास पुरे न करताच बुडी मारतो. हेच पुन्हा पुन्हा झालं की त्याचं खाणं तुटतं, बरोबर पिल्लू असेल तर त्याचं दूध तुटतं. श्रीलंकेत बोटींनी शंभर मीटरच्या आत जायचं नाही असा नियम करावा लागला तो यासाठीच.

आपण हे डॉल्फिनच्या बाबतीत रोज बघतोच. तारकर्लीसमोर एक पाठ वर दिसली की चारी बाजूंनी बोटी वळतात, इंजिनं पूर्ण सोडलेली, पर्यटक एका अंगाला जमून ओरडतायत, बोट कलंडते. ती पाठ एकदा वर येते, मग आणखी लांब, मग दिसत नाही. बोटवाला ओरडतो, “तकडे बघा, तकडे!” गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढची बोट सुटते. हेच आता वीसेक मीटरच्या प्राण्याबरोबर करायचं? याच अरबी समुद्रात 1960 च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी बाराशेहून जास्त निळे देवमासे मारले आणि आकडे दडवून ठेवले. जे थोडे उरलेत त्यांच्यामागे आपण बोटी घेऊन धावायचं, हे मला सहन होत नाही.

उलटीचं लवकर आटपतो. जिला उलटी म्हणतात ते अंबरग्रीस निळ्या देवमाशापासून मिळतच नाही. ते स्पर्म व्हेल या वेगळ्या जातीच्या देवमाशाच्या आतड्यात, माकुळाच्या (स्क्विडच्या) न पचणाऱ्या चोचींभोवती तयार होतं. निळा देवमासा खातो कोळंबीसारखे बारीक जीव, त्याच्या पोटात चोची येणार कुठून? आणि सापडलं तरी ते विकणं, जवळ बाळगणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तीन ते सात वर्षं कैद. कोकणात ते विकायला निघालेली माणसं पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात, आणि त्यात बऱ्याचदा आपल्याच गावची तरुण मुलं असतात. आत्या, हा मेसेज पुढे पाठवताना आपण त्यांना काय सांगतोय याचा विचार कर.

पर्यटनाने प्राणी वाचतात, हे मात्र सपशेल खोटं म्हणता येत नाही. वेळासला कासवांच्या बाबतीत ते झालंय. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आधी काही वर्षं अंडी राखली, गावातल्या माणसांना त्यात घेतलं, पर्यटक नंतर आले. आले तेही पिल्लांना हात न लावता, दोरीच्या बाहेर उभे राहून बघायला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी राखण, मग पाहुणे. या मेसेजमध्ये राखण कुठेच नाही, नुसते पाहुणे आहेत. उलट आपल्या मच्छीमारांनी जे केलंय त्याचा त्यात उल्लेखही नाही. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर राज्य सरकार 2018 पासून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळ्याची किंमत ज्याला माहीत आहे त्याला कळेल की नुसत्या भरपाईसाठी कोणी जाळ्यावर सुरी चालवत नाही. देवमाशाशी नातं जोडायचंय ना? मग बंदरावर जा, अशा माणसाशी बोला.

आता शेपटीचं. माझा खरा संताप या ओळीवर आहे, कारण बाकीच्या गोष्टींनी पैसे जातील, या ओळीने जीव जाईल.

जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. लोकांनी, वनखात्याने जिवाचं रान केलं, पण काही तासांत तो मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल सगळे राबले, मोठ्या कष्टाने ते समुद्रात नेलं, तरी वाचलं नाही. ही जाणकार माणसं हाताशी असतानाची गत. आणि हा मेसेज सांगतो की दिसला की तुम्हीच दोर बांधा.

पाण्यात देवमाशाचं वजन पाणी पेलतं. वाळूवर तेच वजन त्याच्या छातीवर येतं. श्वास घेणं कठीण होतं, स्नायू चेमटतात, त्यातून सुटलेलं विष रक्तात उतरतं. म्हणून परत पाण्यात गेलेला प्राणीही पुढे मरू शकतो. अंगावर चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे उन्हात तो आतून तापत जातो. अशा प्राण्याच्या शेपटीला दोर बांधून ओढलं तर कातडी फाटते, मणके सांध्यातून निखळतात. शेपटीकडून मागे ओढताना डोकं पाण्याखाली जातं आणि तो आपल्या डोळ्यांसमोर गुदमरतो. ‘डोक्यावर पाणी ओता’ हे तर आणखी भयंकर. निळ्या देवमाशाच्या नाकपुड्या डोक्यावरच असतात, दोन. ओतलेली बादली तिथेच जाते.

मग करायचं काय? अंग ओलं ठेवायचं, पण नाकपुड्या सोडून. ओली चादर टाकायची, तीही नाकपुड्या मोकळ्या ठेवून. जमलं तर सावली करायची. शेपटीपासून लांब राहायचं, एका फटक्यात माणूस मरेल. गर्दी हटवायची, ढोल-शिट्ट्या बंद, पाठीवर चढून फोटो नाहीत. मेलेला असेल तर हात लावायचा नाही, रोगाचा धोका असतो आणि सडताना पोट वायूने फुगतं, फुटू शकतं. आणि हे सगळं करायच्या आधी वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन: गाव कुठलं, जिवंत की मेलेला, भरती आहे की ओहोटी.

आत्याला मी हेच सांगितलं. मेसेज पाठवणारच असाल तर निदान शेपटीची ओळ काढा आणि तिथे 1926 लिहा.