चोराच्या पोटावर पाय देऊ नका

पोलीस, विमा कंपनी आणि कुलूप-अलार्मवाले हे तिघे एकत्र बसून बोलायला लागले, तर चोरांनी खायचं काय? तेव्हा या तिघांचं सूत जुळू न देणं हे तुमच्या हातात आहे.

सुरुवात दारापासून करा. युरोपीय मानकानुसार आरसी-२ वर्गाचं दार पक्कड-पेचकसासारख्या साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकावं लागतं, आरसी-३ चं पहारीपुढे ५. असलं काही दुकानात विचारू नका. ‘रंग कुठले आहेत?’ एवढं पुरे. पोलीस यायला किती वेळ लागतो आणि दार किती वेळ टिकतं, याचा मेळ घालणारा कोणी भेटलाच, तर त्याला पॉलिसी विकणाऱ्याकडे पाठवा. तो अर्जातले असले रकाने रिकामेच ठेवतो.

अलार्म जरूर घ्या, पण मांजर फिरकलं तरी बोंबलणारा. ब्रिटनमध्ये खोटे कॉल मर्यादेबाहेर गेले की त्या अलार्मसाठी पोलीस धावून येणं बंद करतात. तुम्ही पैसे मोजायचे, शेजाऱ्यांनी झोप मोडून घ्यायची आणि चोराने निवांत काम करायचं.

वस्तूंचे अनुक्रमांक? छे! ते खोक्यावर असतात आणि खोकं रद्दीत. पोलिसांना चोरीचा माल सापडलाच, तर तो तुमचा हे सिद्ध व्हायला नको.

गाडीच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण तिथे एकदा घात झालाय. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा केला आणि गाडीचोऱ्या धडाधड घसरल्या. किती घरांच्या चुली विझल्या असतील! अमेरिकेने असा निष्ठुरपणा केला नाही. तिथे इमोबिलायझर नसलेल्या काही मोटारी पोरं यूएसबी केबलचं टोक खुपसून चालू करायला लागली, वर व्हिडिओही टाकले. मग काही विमा कंपन्यांनी काही शहरांत अशा गाड्यांच्या नव्या पॉलिसी देणंच थांबवलं, उत्पादकांनी स्टिअरिंगला लावायची लोखंडी कुलुपं पाठवली आणि पोलिसांनी ती ठाण्यात फुकट वाटली. तिघांनी आपापला वाटा उचलला, फक्त गाड्या गेल्यावर.

असं वाटप तुमच्याकडे सुरू झालं, तर अवश्य जा. फक्त रांगेत उभं राहायला गाडी घेऊन जाऊ नका.