भेगेला रंग द्या, शाळा आधुनिक करा

अभिनंदन! तुम्ही शाळा समितीवर आलात आणि गावचं हायस्कूल आधुनिक करायचं तुमच्या मनात आलं. आता एकच पथ्य पाळा, इमारतीकडे बघू नका.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. ऑडिट होत नाही तोवर इमारत नुसती जुनी असते. झालं की ती 'धोकादायक' होते. मग खोल्या रिकाम्या करा, निर्लेखनाचा, म्हणजे इमारत बाद करून पाडायचा, प्रस्ताव पाठवा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. तोवर नववी 'ब' बसवायची कुठे? समाजमंदिरात लग्न असतं.

अभियंता येणारच असेल तर भर पावसाळ्यात बोलवा. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. मे महिन्यात बोट जाईल एवढी भेग ऑगस्टात पुष्कळदा मिटून बसते. साहेब 'किरकोळ दुरुस्ती' लिहून चहा घेऊन जातील. अशा मातीसाठी खोल जाणारा, तळाशी फुगीर असा अंडर-रीम्ड पाइलचा पाया रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कधीचा काढून ठेवला आहे. पण पाया जातो जमिनीखाली. तिथे फीत कुठे बांधणार?

तरीही भेग उरलीच, तर बोलक्या भिंतींचा उपक्रम घ्या. उजवीकडच्या भेगेवर निळा रंग मारून 'वैनगंगा' लिहा, डावीकडचीवर 'वर्धा'. खाली 'प्राणहिता' लिहायला जागा सोडा, एक-दोन पावसाळ्यांत दोघी मिळतीलच. पोरांचा भूगोल पक्का होईल आणि विस्तार अधिकारी फोटो काढून नेतील.

स्लॅबचे पोपडे पडत असतील तर पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग ठोका. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. वर तो ढकलत बसेल, खाली तुमचं सीलिंग पांढरंशुभ्र. त्याच खोलीत डिजिटल बोर्ड लावा. बिल थकून वीज कापलेली असेल, तर उद्घाटनापुरती समोरच्या पानठेल्यावरून वायर ओढा. जुनी कौलं मात्र आठवणीने काढून टाका, टिनं टाका. चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, पण तो वर्गात कोण मोजतो?

2004 साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून 94 मुलं गेली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. म्हणून लाल सिलिंडर घ्याच. तो हेडमास्तरांच्या कपाटात ठेवा, बाहेर पोट्टे हात लावतात. मागच्या दाराला कुलूप असू द्या, किल्ली शिपायाकडे, शिपाई तालुक्याला.

शिपाई कधी म्हणालाच, "सर, हे पडन एखांद्या दिवशी", तर त्याला घंटा द्यायला पाठवा. मुलं 'वरून खडे पडतात' म्हणाली, तर त्यांनाही गप्प करा. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत मुलांनी असंच सांगितलं होतं, अशा बातम्या आल्या. छत कोसळून 7 मुलं गेली. (इथे मला उपरोध सुचत नाही. पुढे जाऊ.)

कोणी कायदा दाखवला तर घाबरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीची पोरं मोठी झालेली असतात, स्लॅब सुटताना पाहून बाजूला होतात. तेव्हा बऱ्या खोल्या खालच्या वर्गांना द्या आणि सगळ्यात वाईट खोली दहावीला. त्यांना मार्चपर्यंतच तर काढायचं आहे.