सालीचा अर्क आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. फळांच्या सालींचा अर्क वापरून केलेल्या झिंक ऑक्साइडच्या (जस्त व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या) नॅनोकणांविषयी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांविषयी, मी अकारण शंका घेतली, असा आपला आक्षेप आहे. हे कण जिवाणूंना मारतात, अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतात, कर्कपेशींनाही रोखतात, असे निष्कर्ष वारंवार प्रसिद्ध झाले असताना आणि साल ही नैसर्गिक वस्तू असताना इतका संकोच कशासाठी, असे आपण विचारता.

संकोचाचे कारण सालीत नसून कृतीत आहे. चांदीचे नॅनोकण करताना अर्कातील पॉलिफेनॉल (वनस्पतींतील एक संयुगवर्ग) चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, इलेक्ट्रॉन देतात आणि आयनांचा धातू होतो. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत असे काही घडत नाही, कारण कण करताना घेतलेल्या झिंक नायट्रेट या क्षारात जस्त ज्या +२ अवस्थेत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत) असते त्याच अवस्थेत ते ऑक्साइडमध्येही राहते. ‘अर्काने क्षपण केले’ (म्हणजे इलेक्ट्रॉन दिले) हे अनेक शोधनिबंधांतले ठरीव वाक्य (बहुधा चांदीवरून उचललेले) येथे लागूच पडत नाही. अर्कातील सायट्रिक आम्ल, फ्लेव्होनॉइड (पॉलिफेनॉलांचाच एक प्रकार) इत्यादी रेणू जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि कणांची वाढ आटोक्यात ठेवतात, इतकेच. पुढे द्रावणाच्या तळाशी बसलेला साका पुष्कळदा ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवला जातो, आणि तेवढ्या उष्णतेत हवेच्या सान्निध्यात फ्लेव्होनॉइड जळून जातात. मग उरलेल्या पांढऱ्या भुकटीच्या अँटिऑक्सिडंट गुणाचे श्रेय त्यांना कसे द्यावे? साका केवळ वाळवला असेल तर हे रेणू पृष्ठभागावर राहू शकतात. पण तेव्हा मोजलेला गुण कणाचा की चिकटून राहिलेल्या अर्काचा, हे वेगळे काढावे लागते.

जिवाणूनाशक गुण मी नाकारलेला नाही. झिंक ऑक्साइड थोडे थोडे विरघळते. सुटलेले जस्ताचे आयन आणि कणांच्या पृष्ठभागावर निर्माण होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे जिवाणूंना इजा करतात. परंतु साल न वापरता केलेल्या कणांतही हेच घडते. म्हणून नुसता अर्क, तेवढेच जस्त असलेला क्षार आणि नेहमीच्या रासायनिक पद्धतीने केलेले तेवढ्याच आकाराचे कण, असे तिन्ही नमुने सोबत तपासल्याखेरीज सालीमुळे काय साधले ते कळत नाही.

कर्कपेशींविषयी थोडक्यात सांगतो. काचपात्रात त्या पुष्कळ गोष्टींनी मरतात, मिठाच्या तीव्र द्रावणानेसुद्धा. तीच मात्रा निरोगी पेशींना किती अपाय करते, हा खरा प्रश्न आहे.

राहिला ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हा मुद्दा. झिंक ऑक्साइड त्वचेच्या मलमांत दीर्घकाळ वापरले जात आहे, आणि त्याच झिंक ऑक्साइडचा धूर श्वासातून गेल्यावर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड जोडणाऱ्या वेल्डरांना थंडीताप भरतो. अपाय ठरतो तो शरीरात शिरण्याच्या मार्गावर, मात्रेवर आणि कणांच्या आकारावर. अर्क कशाचा होता हे फुप्फुसाला कळत नाही.

आपण ज्या निबंधांचा हवाला दिला आहे, त्यांत भट्टीचे तापमान आणि तुलनेचे नमुने नोंदवलेले असल्यास कृपया कळवावे. त्यांवर नेमकेपणाने बोलता येईल.