‘हा प्राणीच मुळात सुस्त’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

हर्मिट क्रॅबच्या, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणाऱ्या खेकड्याच्या, देखभालीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही स्पष्ट नाराजी कळवलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चारचौघांना परवडणारा छोटासा प्राणी मी उगाच महागडा करून ठेवला. तुमच्याकडे दोन खेकडे दिवाळीपासून जाळीच्या पिंजऱ्यात, रंगीत खड्यांवर, ओला स्पंज ठेवून मजेत होते. एप्रिलमध्ये एक गेला, दुसरा कोपऱ्यात बसून असतो, पण हा प्राणीच मुळात सुस्त. आणि फूटभर वाळूत गाडून घेणारा खेकडा मुलीने बघायचा तरी कधी?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर सुस्तपणाच्या मुद्द्यातून जातं. म्हणून आधी तो.

तुमच्या घरी आहेत ते जमिनीवरचे हर्मिट क्रॅब. ते पाण्याबाहेर राहतात, तरी श्वास मुख्यतः कल्ल्यांनीच घेतात. हे कल्ले हवेतून प्राणवायू घेण्यासाठी बदललेले असतात, मात्र ते कायम ओलसर राहावे लागतात. शंखात थोडं पाणी साठवून हा प्राणी तो ओलावा टिकवतो. भोवतालची हवा कोरडी असली की शंखातलं पाणी आटत जातं, कल्ले सुकत जातात आणि खेकडा हळूहळू गुदमरतो. यात आठवडे जातात, कधी महिनेही. त्या काळात तो हालचाल कमी करतो, खाणं सोडतो, शंखात आत आत जातो. आपल्याला वाटतं, स्वभावच शांत आहे.

आता तुमचंच वेळापत्रक बघा. पावसाळा सरल्यावर पुण्याची हवा कोरडी होत जाते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. या खेकड्यांना लागते ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि २४ ते २९ अंश तापमान. जाळीच्या पिंजऱ्यातला स्पंज पुण्याच्या उन्हाळ्यापुढे काय करणार? त्याची वाफ खोलीभर पसरते, खेकड्याच्या वाट्याला काही उरत नाही. ‘दिवाळीपासून एप्रिलपर्यंत मजेत’ असं तुम्ही लिहिलंत, पण त्यातला बराच काळ तो साठवलेल्या ताकदीवर तग धरून होता, असं मला ठामपणे वाटतं. यात तुमचा दोष नाही. पिंजरा, खडे आणि स्पंज एकत्र विकणाऱ्याने तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

खर्चाचा मुद्दा मला मान्य नाही. लेखात मी कुठलंही परदेशी उपकरण सुचवलेलं नाही. घरात पडून असलेला जुना फिश टँक, त्यावर काचेचं झाकण, आणि काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) एवढ्यावर निम्मं काम होतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कुठल्याही नर्सरीत मिळतं, फक्त खत मिसळलेलं घेऊ नका. बारीक, धुतलेली वाळू पाच भाग आणि कोकोपीट एक भाग घ्यायचं आणि वाळूचा किल्ला उभा राहील इतपत ओलं करायचं. बांधकामावरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) नको, तिचे कण टोकदार असतात. कॅल्शियमसाठी महागडी पावडर लागत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मागा. ते माकुळ या समुद्री प्राण्याच्या अंगातलं कवच असतं आणि खेकडे ते आवडीने कुरतडतात. उकडलेल्या अंड्याचं टरफल कुस्करून दिलं तरी चालतं. खायला ओलं खोबरं, पपई, गाजर, बिनमिठाचा सुका जवळा, झाडाची वाळकी पानं. हा प्राणी सर्वभक्षी आहे, रोज एकच दाणे टाकले तर कंटाळतो आणि अशक्तही होतो.

पाण्याबाबत मात्र काटकसर करू नका. दोन पसरट भांडी हवीत, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या पाण्याचं, खेकडा आत उतरू शकेल आणि दगडावरून सहज बाहेर येऊ शकेल अशी. शंखातल्या पाण्याचा खारटपणा तो या दोन्हींतून स्वतः जुळवून घेतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायचं, मत्स्यालयाच्या दुकानात त्यासाठी अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. समुद्री माशांच्या टँकसाठी मिळणारं मरीन सॉल्टच घ्या. छोटं पाकीट खूप दिवस पुरतं.

आता वाळूत गाडून घेण्याविषयी. अंगावरचं कवच (शंख नव्हे) वाढत नाही, म्हणून खेकड्याला ते टाकून नवं घ्यावं लागतं. त्यासाठी तो ओलसर वाळूत खोल बीळ करतो, जुनं कवच टाकतो, नवं कडक होईपर्यंत तिथेच राहतो आणि टाकलेलं कवच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतो. लहान खेकड्याला यासाठी महिना-दोन महिने लागतात, मोठ्याला आणखी जास्त. तुटलेला पायही याच काळात पुन्हा येतो. म्हणून वाळू निदान १५ सेंटिमीटर हवी, मोठ्या खेकड्याला त्याहून खोल. रंगीत खड्यांत बीळ टिकतच नाही. आणि काही झालं तरी ‘जिवंत आहे का’ बघायला उकरायचं नाही. त्या अवस्थेत तो इतका मऊ असतो की बोटाचा धक्काही जीवघेणा ठरतो. वाळूवर पाय-नांग्यांसकट निपचित खेकडा दिसला तर लगेच टाकून देऊ नका. हलकं आणि आतून पोकळ लागलं तर ती नुसती कात असते. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास येतो, तो लपत नाही.

मग मुलीने बघायचं कधी? रात्री. हा निशाचर प्राणी आहे. दिवसा त्याला हातात घेऊन खेळवण्यात त्याला त्रासच होतो. पेटीत चढायला लाकडाचा ओंडका, सुतळीचं जाळं, नारळाची करवंटी ठेवा आणि जेवणं झाल्यावर खोलीतला मोठा दिवा मालवून मंद प्रकाशात तिला शेजारी बसवा. ओलावा आणि ऊब बरोबर असेल तर ‘सुस्त’ खेकडे दोरीवर चढतात, वाळू उपसतात, खाण्यावरून एकमेकांना ढकलतात. रिकामे शंख ठेवले तर आणखी मोठी गंमत बघायला मिळते: तो नवा शंख नांगीने चाचपतो, आत डोकावतो, आणि पसंत पडला तर क्षणात मऊ पोट एका शंखातून दुसऱ्यात. २०१० मध्ये रँडी रॉट्जन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधल्या अशाच खेकड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मोठा शंख रिकामा दिसला की खेकडे मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावतात, आणि पहिल्याने घर बदललं की मागचे सगळे एकेक करून पुढच्याच्या रिकाम्या शंखात शिरतात. शंख मात्र बिनरंगाचेच ठेवा, रंगाचे पोपडे निघतात आणि पोटात जातात. आणि विकत घेताना चौकशी करा, कारण काही शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी. डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन त्या खोलीत लावू नका. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशकं खेकड्यांना अतिशय घातक असतात. आणि दिवेआगर-हरिहरेश्वरच्या सहलीत खडकांच्या डबक्यांतून मुलं बाटलीत भरून आणतात ते शंखातले खेकडे बहुतेक वेगळे, समुद्रात राहणारे असतात. त्यांना वाहतं, खारं, प्राणवायूयुक्त पाणी लागतं. वर लिहिलेली पेटी त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना तिथेच राहू द्या.

तुमच्या उरलेल्या खेकड्याला अजून वाचवता येईल. आजच त्याला झाकण असलेल्या काचेच्या टँकमध्ये हलवा, ओली वाळू आणि दोन्ही पाणी ठेवा, टँक उन्हापासून आणि पंख्यापासून दूर न्या, आणि मग त्याला हात लावू नका. तो वाळूत गेला तर जाऊ द्या. जोडीला नवा विकत आणायची घाई करू नका. हे प्राणी कळपात राहणारे आहेत, सोबत लागते हे खरं, पण दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो, कारण त्यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात आणि घरी त्यांची पैदास करणं फार अवघड आहे. नीट सांभाळला तर हा प्राणी ३० वर्षांहून जास्त जगू शकतो. कुणाला सांभाळणं जमत नसेल आणि त्यांचा खेकडा द्यायचा असेल तर तो घ्या, मीही ओळखीत विचारून ठेवते.

टँक मांडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी हायग्रोमीटर काय दाखवतोय ते मला कळवा. आकडा ७५ च्या खाली असेल तर झाकणाची फट कुठे आहे ते आपण शोधू.

लोभ असावा.