‘रिमोट’वरचे मुख्यमंत्री? मनोहर जोशींबद्दलचा अर्धवट मजकूर

शिवसेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: “सर कधी लोकांतून निवडून आले नाहीत. बाळासाहेबांची मर्जी म्हणून मुख्यमंत्री झाले. कारभार मातोश्रीवरून चालायचा, सर नुसती सही करायचे. शेवटी जावयाच्या भूखंडापायी त्यांचा बळी गेला.” चार वाक्यं आहेत. पहिलं खोटं, उरलेली तीन अर्धवट.

निवडणुकीचं आधी बघू. जोशी १९६८ मध्ये मुंबईचे नगरसेवक झाले, १९७६-७७ मध्ये महापौर. १९७२ ते १९८९ ते विधान परिषदेत होते, तेवढा काळ मागच्या दाराचा, हे मान्य. पण १९८४ ला त्यांनी भाजपच्या चिन्हावर लोकसभा लढवली आणि हरले. १९९० आणि १९९५ ला दादरने त्यांना विधानसभेत पाठवलं. १९९९ ला उत्तर मध्य मुंबईतून ते खासदार झाले, २००४ ला तिथेच एकनाथ गायकवाडांनी त्यांना पाडलं. विधानसभा-लोकसभेत तीनदा जिंकलेला, दोनदा आपटलेला माणूस लोकांसमोर गेलाच नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मर्जी होती, यात वाद नाही. सेनेत तिच्याशिवाय कोणालाच काही मिळत नव्हतं. पण ती कोणावर बसली तेही सांगा. रायगडातल्या नांदवीचा, माधुकरी मागून शिकलेला मुलगा. महापालिकेत कारकुनी केली, मग १९६१ मध्ये कोहिनूरचे तांत्रिक वर्ग काढले. ‘सर’ ही ओळख तिथली. १९९० मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले आणि सेनेतलेच छगन भुजबळ दुखावले. मार्च १९९५ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या गाठीला पालिकेपासून विधिमंडळापर्यंतची सत्तावीस वर्षं होती. पुढे २००२ मध्ये हेच सर बिनविरोध लोकसभेचे अध्यक्ष झाले.

आता रिमोट, म्हणजे सरकार मातोश्रीवरून चालवणारा बाळासाहेबांचा ‘रिमोट कंट्रोल’. हा शब्द विरोधकांनी चिकटवलेला नाही, खुद्द बाळासाहेब अभिमानाने तो वापरत. मला खटकतो तो त्यातून निघणारा निष्कर्ष. एकदा ‘सर नुसती सही करायचे’ म्हटलं, की त्या सहीखाली घडलेल्या कशाचाच जाब त्यांना विचारता येत नाही. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, तो जोशी सरकारने. मे महिन्यात वाजपेयींच्या सांगण्यावरून तो पुन्हा सुरू करावा लागला, आणि १९९८ मध्ये अहवाल आला तेव्हा याच सरकारने तो फेटाळला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्या दिवशी राज्याचा मुख्यमंत्री कोण होता, हे त्या वस्तीला कोणी सांगायची गरज नाही.

श्रेयाचंही तसंच. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, कृष्णा खोरे महामंडळ, रस्ते विकास महामंडळ ही सगळी त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. मुंबईतले उड्डाणपूल आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग यांचं श्रेय नितीन गडकरींना मिळतं, आणि बांधकाममंत्री म्हणून ते रास्तही आहे. पण मंत्रिमंडळाचे प्रमुख जोशी होते. झोपडीवासीयांना फुकट घरं देण्याच्या योजनेवर माझे स्वतःचे आक्षेप आहेत. ते मी घेईन तेव्हा जोशींवरच घेईन, मातोश्रीच्या भिंतीवर नाही.

राहिला ‘बळी’. पुण्यातली ती जागा प्राथमिक शाळेसाठी राखीव होती. आरक्षण हटलं, तिथे इमारत उभी राहिली आणि फायदा मुख्यमंत्र्यांच्या जावयाचा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. बळी गेलाच असेल तर तो शाळेच्या जागेचा. जानेवारी १९९९ मध्ये मातोश्रीवरून आदेश आला तो राजीनाम्याचा. आरक्षण उठवणारं नगरविकास खातं मात्र सरांच्या स्वतःच्या हातात होतं.