हुबेहूब दही म्हणे!

आज दुपारी ऑफिसात जेवताना एक डबा उघडला आणि दोन मिनिटांत बंद झाला. संध्याकाळ झाली तरी तो डबा डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. चहा घेऊन बसा, कोरा.

डब्यात दहीभात होता, शेंगदाण्याच्या दह्याचा. डब्याची मालकीण आमच्यातली सगळ्यात धाकटी, जानेवारीपासून व्हीगन, म्हणजे दूध-दही-तूपसुद्धा बंद. वर करडं पाणी तरंगतंय, खाली बारीक कणी, आणि भाताची शितं त्या दोघांशी संबंध नसल्यासारखी बाजूला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वाकून बघितलं. "काय गं, हे दही आहे की पिठल्याचं पाणी?" सगळे हसले. मग दुसऱ्या एक बाई, मायेनंच असेल, म्हणाल्या, "अगं, चमचाभर दह्यानं काय म्हैस मरते का?" पोरीनं झाकण लावलं आणि कुणाच्या तरी डब्यातली चटणी-पोळी खाल्ली.

त्या ज्येष्ठांवर रागवायला अर्धा तास पुरला. दूध कुठून येतं आणि रेडकाचं काय होतं हे माझ्या यादीतल्या लोकांना नव्यानं सांगायची गरज नाही, आणि त्यांना सांगून उपयोग नाही. खरा राग आहे तो आपल्याच लोकांवर. "हुबेहूब दही! घरच्यांना फरकच कळणार नाही! फक्त दोन जिन्नस!" असले तीस सेकंदांचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर. तो डबा त्या व्हिडिओंनी बिघडवला.

फरक कळतो. पहिल्या घासाला कळतो. आणि तो का कळतो हे एकदा समजून घेतलं तर दही सोडणं निम्म्यानं सोपं होतं.

जनावराच्या दुधाचं दही लागतं ते केसीन नावाच्या प्रथिनामुळे. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आंबटपणा एका पातळीला आला (पीएच ४.६ च्या आसपास) की केसीनचे कण एकमेकांना धरून जाळं विणतात, आणि त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून बसतात. म्हणून म्हशीच्या दुधाचं दही सुरीनं कापावं असं लागतं. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास, पण केसीन अजिबात नाही. त्याची प्रथिनं जाळं विणण्याऐवजी गुठळ्या करतात. ते जे काही धरतं ते ठिसूळ असतं, चमचा घातला की मोडतं आणि पाणी सोडतं. आणि वासाचं म्हणाल तर ताज्या घरच्या दह्याला जो लोण्यासारखा गंध असतो तो डायअसिटील नावाच्या द्रव्याचा. काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून तो तयार करतात. शेंगदाण्याच्या दुधात तो कच्चा माल दुधाइतका नाही, मग गंध कुठून येणार? तुम्ही कितीही मनापासून विरजण लावा.

तेव्हा अदमुरं दही, सायीचं दही, ताक घुसळताना वर येणारा लोण्याचा गोळा, हे गेलं. गेलं म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. त्या पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

तसं चुकलंही होतं म्हणा. डबा बघूनच कळत होतं काय काय ते.

करडा रंग म्हणजे सालं काढली नव्हती. नुसत्या भिजवण्यानं सालं धड निघत नाहीत. एक वाटी कच्चे शेंगदाणे (भाजलेले अजिबात नाहीत) सात-आठ तास भिजवा, उन्हाळ्यात सहाच, आणि मधे एकदा पाणी बदला, नाहीतर फेस येऊन वास धरतात. मग उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून निथळा आणि गार पाण्यात चोळा, सालं सुटून वर येतात. साल राहिलं तर रंग जातोच, शिवाय घशाशी तुरटपणा राहतो.

वाटताना आधी अर्धीच वाटी पाणी. एकदम सगळं पाणी घातलं की दाणे पात्यांभोवती नुसते फिरत राहतात, वाटलं जात नाही. गंधासारखं मऊ झालं की उरलेलं पाणी. एकूण तीन वाट्या, त्यापुढे थेंब नाही. व्हिडिओत पाच वाट्या सांगतात, कारण भांडं भरलेलं छान दिसतं! पाच वाट्यांत दही नाही, ताकच लागतं. मग पंच्यातून गाळा, घट्ट पिळून. मिक्सरच्या गाळणीवर विसंबू नका, कणी तिथूनच राहते. चोथा टाकू नका, थालीपिठात जातो.

आता उकळणं, सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. शेंगदाण्याचं दूध भसकन वर येतं, लोकांना वाटतं उकळलं, गॅस बंद. तो नुसता फेस असतो. आच कमी करून पुढे आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवायचं, तेव्हा कुठे कच्चट वास जातो. आजच्या डब्याचा तो पिठल्याचा वास म्हणजे हीच आठ मिनिटं. ढवळताना बूड खरवडू नका, खाली लागलेलं तिथेच राहू द्या, वर आलं की सगळ्या दुधाला करपट वास लागतो. जाडसरपणा हवा असेल तर दाण्यांबरोबर दहा-बारा भिजवलेले काजू वाटा, नाहीतर उकळताना चमचाभर तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून घाला. पिठातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, जे काम एरवी केसीन करतं. शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडू देत.

मग अर्धा चमचा साखर. गोडीसाठी नाही हो, जिवाणूंसाठी. दुधात त्यांना आयतं लॅक्टोज (दुधातली साखर) मिळतं, इथे ते नाही.

आणि विरजण कोमटात. बोट घालून दहा आकडे आरामात मोजता आले पाहिजेत, म्हणजे साधारण ४० अंश. पन्नाशीच्या वर विरजण मरतं, आणि मग सकाळी नुसतं नासल्यासारखं पाणी दिसतं. अर्ध्या लिटरला एक चमचा पुरे. जास्त घातलं की लवकर लागतं खरं, पण आंबट होतं आणि पाणी जास्त सुटतं. सहा ते आठ तास, हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत भांडं शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. लागलं की थेट फ्रीजमध्ये, चार तास तरी, आणि मगच चमचा घाला. गार झाल्यावर ते बरंच आवळून येतं.

त्या मुलीनं सकाळी लागलेलं दही तसंच गरम भातात कालवलं होतं. म्हशीच्या दह्यानंसुद्धा पाणी सोडलं असतं, हे तर शेंगदाण्याचं बिचारं! भात नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त घालून शिजवायचा, पूर्ण गार करायचा, हातानं मोडायचा. मग दोन वाट्या भाताला एक वाटी दही, मीठ, किसलेलं आलं, तेलात मोहरी-उडीद डाळ-कढीपत्त्याची फोडणी. बरोबर सांडगी मिरची घेणार असाल तर विचारून घ्या, बऱ्याच घरांत ती ताकात किंवा दह्यात भिजवून वाळवतात. असल्या जागी दूध फार गुपचूप येतं. कॉफीत दुधाऐवजी घालायच्या, 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या पावडरीत सोडियम केसिनेट सापडतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, मागची बारीक ओळ वाचा.

नारळाचं दूध विरजून बघणाऱ्यांसाठी एकच ओळ: त्यात स्निग्धांश खूप, प्रथिनं नाहीतच म्हणावीत इतकी कमी, ते लागत नाही, फ्रीजमध्ये वर तेलाचा थर धरतं. ते सोलकढीसाठीच जन्माला आलंय, तिथेच ठेवा.

आता जरा शांत होऊन लिहिते.

दही सोडलं म्हणजे ताट रिकामं झालं असं वाटतं, पण आपल्या ताटातल्या कितीतरी वस्तूंनी दही कधी मागितलंच नव्हतं. खमंग काकडी बघा: दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं, वरून तेलाची फोडणी. सोलकढी कोकम आणि नारळाची. कोकणातल्या शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात. पुरणपोळीवर नारळाचं दूध घेणारी घरं कोकणात आहेतच. खान्देश-विदर्भात भाकरी-चटणीवर कच्चं तेल घेतात आणि त्यांना तुपाची आठवण येत नाही. हे कुणी व्हीगन म्हणून शोधलेलं नाही. जी वस्तू मुळातच अशी आहे तिला कुणी डबा उघडून हसत नाही. त्या पोरीनं पहिल्या महिन्यात खमंग काकडी आणि सोलकढी आणली असती तर आज कुणाला वाकून बघायचं सुचलंही नसतं. सुरुवात दहीभातानं करणं म्हणजे पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी विहिरीत उडी.

कढी मात्र जमते, अगदी चांगली जमते. एक वाटी शेंगदाण्याच्या दह्याला दोन चमचे बेसन, नेहमीपेक्षा थोडं जास्त, गार असतानाच नीट घुसळून घ्या आणि मंद आचेवर उकळी येईपर्यंत ढवळत राहा. मीठ शेवटी. आंबटपणा कमी पडला तर गॅस बंद केल्यावर कोकमाचं आगळ. मठ्ठाही होतो, फक्त पाणी हात राखून घाला, दह्याच्या दीडपटीवर नको. आलं, जिरं, हिंग, कोथिंबीर सढळ हातानं घाला, दाण्याचा वास त्यामागे लपतो.

श्रीखंडाला शेंगदाणा नको. टांगून चक्का केला तरी दाण्याचा वास वेलदोड्याच्या वर येतो. तिथे काजू. एक वाटी काजू गरम पाण्यात दोन तास भिजवून अर्ध्याच वाटी पाण्यात वाटायचे, अगदी लोण्यासारखे, चमचाभर विरजण, सात-आठ तास. हे मुळातच इतकं घट्ट असतं की टांगावं लागत नाही. पिठीसाखर थोडी थोडी घाला, एकदम घातली की सैल पडतं. पुरणयंत्रातून काढलं की छान मऊ होतं, वर केशर-वेलची. चव उत्तम. पण त्याला श्रीखंड म्हणून पाहुण्यांपुढे ठेवू नका, कृपा करा! काजूखंड म्हणा, काहीही म्हणा. श्रीखंड म्हटलं की समोरचा पहिला चमचा तोंडात घालताना श्रीखंड शोधतो, आणि ते सापडत नाही.

हो, काजू महाग आहे, मान्य. हो, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला ही पोस्ट दाखवायची माझी हिंमत नाही, तेही मान्य. आणि शेंगदाण्याची ऍलर्जी असलेल्यांनी इथलं काहीही करू नये, हे तर आहेच.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळत होतं ते दूध-दह्यातूनच. ते सोडलं की गोळी घ्यायचीच, किती आणि कोणती ते डॉक्टरांना विचारून. "आपले पूर्वज कुठे गोळ्या घेत होते?" पूर्वज ताक पीत होते हो! कॅल्शियमला नाचणी आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तीळ आहेत, पण बी-१२ ला घरगुती पर्याय नाही. त्याबद्दल व्हिडिओवाले गप्प असतात, कारण गोळीचा व्हिडिओ सुंदर दिसत नाही.

परत त्या डब्याकडे. जेवण झाल्यावर ती बेसिनवर डबा धूत होती, आणि ओतताना मला दिसलं की तळाशी दोन चमचे दही खरंच लागलं होतं. पांढरट, घट्ट, चांगलं. म्हणजे विरजण जिवंत होतं. विचारलं तर म्हणाली, मिरच्यांच्या देठांवर केलंय.

देठांवरचं विरजण हा तिनं केलेला सगळ्यात अवघड भाग, आणि तोच जमला होता. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: दहा-बारा ताज्या हिरव्या मिरच्यांचे देठ, हलकेच धुतलेले, घासलेले नाहीत, कारण त्यांच्यावरच जिवाणू असतात. अर्धी वाटी कोमट शेंगदाण्याच्या दुधात बुडवून बारा तास उबेला. पहिलं जे होतं ते पातळ, तिखटसर, जरा कडवट असतं. ते खायचं नाही, त्यातला चमचाभर पुढच्या दुधाला. दुसरं बरं, तिसरं चांगलं. गुलाबी छटा, काळे ठिपके किंवा कुजका वास आला तर मन घट्ट करून सगळं फेकायचं, वरवरचं काढून उरलेलं वापरायचं नाही. आमच्या पोरीनं पहिलंच दही थेट भातात घातलं होतं! तिखट का लागतंय म्हणून तिनं मीठ वाढवलं होतं.

तिला म्हटलं, उद्या माझ्याकडचं तिसऱ्या फेरीचं विरजण आणते, चमचाभर, काचेच्या बाटलीत. बाटली फ्रीजमध्ये पाच दिवस टिकते, झाकण फार आवळू नकोस. आणि सोमवारी डब्यात कढी आण.